खेड्याविषयी बाबासाहेबांचे परखड बोल : हिवरे बाजारच्या संदर्भात एक अभ्यास

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची वचने आपल्या विहारांच्या, वसतिगृहांच्या आणि वर्गांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेली असतात. त्यांतील अनेक वचने त्यांनी कोठे, कधी आणि कोणासमोर उच्चारली हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही; काहींचा तर मूळ आधारच हाती लागत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट खटकते. याउलट एक वाक्य असे आहे की, त्याचे स्थळ, दिवस, श्रोते, सारे काही संविधान सभेच्या कामकाजाच्या नोंदीत शब्दशः उपलब्ध आहे. आणि नेमके तेच वाक्य भिंतीवर कोणी लिहीत नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी भारतीय खेड्यासंबंधी जे उद्गार काढले, त्यांविषयी या लेखात लिहावयाचे आहे.

त्या उद्गारांचा आशय असा : खेडे म्हणजे दुसरे काय आहे? स्थानिक अहंकार साचून राहिलेले डबके आणि अज्ञान, कोतेपणा व जातीयता यांची गुहा. मूळ भाषण इंग्रजीत आहे. त्यात त्यांनी दोन शब्द वापरले, ‘सिंक’ आणि ‘डेन’. पहिल्या शब्दाने सांडपाणी साचण्याची जागा सुचते, तर दुसऱ्याने श्वापदाची गुहा. कायदेपंडिताच्या भाषणात अशा शब्दांची अपेक्षा सभागृहाने केली नसावी. परंतु बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. लगेच पुढच्याच वाक्यात त्यांनी म्हटले की, मसुद्याने खेड्याला बाजूला सारून व्यक्ती हा घटक मानला, याचा आपल्याला आनंद वाटतो. पहिले वाक्य पुष्कळांना पाठ असते, दुसरे फार थोड्यांना. माझ्या मते अर्थाचा सारा भार दुसऱ्या वाक्यावर आहे आणि ते गाळून पहिले वाचणे हा त्या वचनावर अन्याय आहे.

हा विषय घेण्याचे एक कारण आपल्या शाळेच्या सहली हेही आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार पाहून आलेला विद्यार्थी वर्गात हमखास विचारतो, “सर, मग बाबासाहेबांचे खेड्याबद्दलचे मत चुकले का?” प्रश्न प्रामाणिक आहे. दुष्काळी पट्ट्यातले, वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे गाव. तेथे डोंगरावर झाडी उभी आहे, विहिरींना पाणी आहे, गोठ्यांत दुभती जनावरे आहेत, रोजगारासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आलेली आहेत. डबके आणि गुहा या शब्दांशी हे चित्र जुळत नाही. अशा वेळी ‘बाबासाहेब कसे चुकतील?’ असे दरडावून विद्यार्थ्याला गप्प बसविणारा शिक्षक आणि ‘तो काळ वेगळा होता’ म्हणून सुटका करून घेणारा शिक्षक, दोघेही अभ्यास टाळतात. आधी ते वाक्य कशाला उत्तर म्हणून आले हे पाहिले पाहिजे.

संविधानाच्या मसुद्यात प्राचीन भारतीय राज्यव्यवस्थेचे काहीच नाही, तो खेड्यांच्या आणि जिल्ह्यांच्या पंचायतींवर उभारावयास हवा होता, अशी टीका तेव्हा होत होती. या टीकाकारांचे खेड्यावरील प्रेम कोठून आले, याचा माग बाबासाहेबांनी त्याच भाषणात घेतला. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे लिहून ठेवले होते की, भारतातील गावे ही छोटी छोटी प्रजासत्ताके आहेत. राजघराणी कोसळतात, क्रांत्या होतात, पठाण, मोगल, मराठे, शीख, इंग्रज एकामागून एक येतात, गाव मात्र तसेच राहते. शत्रूचे सैन्य आले की गावकरी आपली गुरे तटाच्या आत घेतात आणि सैन्याला निघून जाऊ देतात. बाबासाहेबांनी हा उतारा सभागृहात उद्धृत केला आणि विचारले की, देशाच्या इतिहासात ज्या खेड्यांनी एवढीच भूमिका बजावली, त्यांचा अभिमान कशासाठी धरावा? ती टिकली हे खरे. परंतु नुसते टिकून राहण्याला किंमत नाही, कोणत्या पातळीवर टिकली हा प्रश्न आहे.

मेटकाफच्या उताऱ्यात एक शब्द आपल्या मराठी वाचकाने थांबून पाहावा असा आहे. तो शब्द म्हणजे तट, आपल्या भाषेत गावकूस. गुरे कुसाच्या आत आली. ज्यांची वस्तीच गावकुसाबाहेर होती, त्यांचे काय झाले? त्या वर्णनात त्यांचा उल्लेख नाही. इंग्रज अधिकाऱ्याला जे प्रजासत्ताक दिसले त्यात कुसाबाहेरची माणसे मोजलेलीच नव्हती; आणि ज्यांनी पुढे त्या वर्णनाचा गौरव केला, त्यांनाही ही उणीव जाणवली नाही. ज्यांचे आजे-पणजे कुसाबाहेर राहिले, त्यांना ती पहिल्या वाचनात जाणवते.

बाबासाहेबांच्या या भाषणावर सभागृहात नाराजी उमटली. हरी विष्णू कामत यांनी दुसऱ्याच दिवशी ही शहरी विद्वानाची वृत्ती असल्याचे बोलून दाखविले. इतर सदस्यांनीही खेड्यांची बाजू घेतली. येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा गांधींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून खेड्यावर आधारलेल्या समाजरचनेचा आग्रह धरला होता. नेहरूंनी ९ ऑक्टोबरला दिलेल्या उत्तरात, खेडे हे सामान्यतः बौद्धिक व सांस्कृतिक दृष्टीने मागासलेले असते, असे स्वच्छ लिहिले. म्हणजे देशाच्या भावी पंतप्रधानांचे मत बाबासाहेबांच्या मतापासून फार दूर नव्हते. फरक इतकाच की, नेहरूंनी ते खासगी पत्रात लिहिले आणि बाबासाहेबांनी ते भर सभागृहात, टीका ओढवून घेऊन सांगितले. परखडपणा म्हणतात तो यालाच. शब्दांचा कडकपणा कोणालाही साधतो. जेथे बोलल्याने आपली अडचण होईल तेथे बोलणे थोड्यांनाच साधते.

‘शहरी विद्वान’ हा आक्षेप मात्र वस्तुस्थितीला धरून नव्हता. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सभासद असताना, १९२९ साली खानदेशातून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. स्टेशनवर जमलेल्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला होता. महार उतारूला टांग्यात बसवून हाकणे गावातील एकाही टांगेवाल्याला मान्य होईना. पाहुण्यांनी वस्तीपर्यंत पायी यावे हे यजमानांना पटेना. शेवटी त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक माणूस पुढे बसविला. नदीवरच्या फरशीवर टांगा अडखळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि ते बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत त्यांनीच हा प्रसंग नोंदविला आहे. ज्याला बॅरिस्टर होऊनही एका टांगेवाल्यासमोर आपली जात ओलांडता आली नाही, त्याला खेडे पुस्तकातून कळले असे कोण म्हणेल?

आणि केवळ अपमानाचाच अनुभव नव्हे. खेड्याचा आर्थिक सांगाडाही त्यांनी तपासला होता. महार वतन ही त्या सांगाड्यातली कळीची गोष्ट. सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलीच्या रकमेबरोबर जाणे, सीमेची राखण, दवंडी, मेलेले जनावर ओढणे, अशी रात्रंदिवसाची कामे; आणि मोबदल्यात तुकडाभर जमीन व बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदाराला ठराविक पगार मिळावा, बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, ज्याला वतनाचे काम नको असेल त्याला त्यातून मोकळे होता यावे, असा त्याचा रोख होता. ते विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. आपल्या जिल्ह्याला या लढ्याची आठवण विशेष असावयास हवी. वतनी जमिनींवरील वाढीव जुडीच्या विरोधात महार-मांग वतनदारांची परिषद १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगाव येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यात भरली होती आणि बाबासाहेब तेथे स्वतः उपस्थित होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा दोन वर्षे होत आली होती.

ग्रामपंचायतीविषयीचे त्यांचे मतही १९४८ साली अचानक बनलेले नाही. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येक गावात अस्पृश्यांची घरे मूठभर. त्यामुळे केवळ प्रौढ मताधिकार दिल्याने त्यांचा एकही प्रतिनिधी निवडून येणार नाही, राखीव जागा हव्यात. दुसरी, जातीच्या चौकटीत जखडलेल्या आणि माणसामाणसांत उच्चनीचता मानणाऱ्या लोकांनी निवडलेल्या पंचांच्या हाती न्यायदान सोपविणे धोक्याचे आहे. यात पंचायतीला आंधळा विरोध नाही. त्यांची अट स्पष्ट आहे : गावाला सत्ता द्यावयाची तर त्या गावातील सर्वांत दुबळ्या घरासाठी आधी संरक्षण द्या.

म्हणूनच पुढची घटना पाहून गोंधळण्याचे कारण नाही. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांनी ग्रामपंचायती स्थापण्याविषयीची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी लांबलचक वाद न घालता ती स्वीकारली. अठरा दिवसांपूर्वी खेड्याला डबके म्हणणाऱ्या माणसाने माघार घेतली, असे काही जण म्हणतात. परंतु ती दुरुस्ती संविधानात कोठे बसली ते पाहावे. ती अनुच्छेद ४० म्हणून राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, ज्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ मूलभूत हक्कांत आहे. गावासाठी राज्याला उपदेश आहे. माणसासाठी हक्क आहे. घटक कोण, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी बदलले नव्हते. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींमध्ये अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, तसेच स्त्रियांना किमान एक-तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. १९३२ ची अट साठ वर्षांनी पूर्ण झाली. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात घटनादुरुस्तीच्या धड्यात येते, पण तिचे मूळ कोणत्या भाषणात आहे हे तेथे लिहिलेले नसते.

आता हिवरे बाजारकडे येऊ. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळ, दारू, भांडणे आणि स्थलांतर यांनी पोखरलेले होते. सरकारी नोकराची बदली तेथे होणे म्हणजे शिक्षा मानली जाई. नंतरचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे : श्रमदानातून समतल चर आणि बांधबंदिस्ती, आदर्श गाव योजनेतील सहभाग, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, हे निर्णय ग्रामसभेत झाले. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर कोणते पीक किती घ्यायचे हे ठरते. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. या कामाचे मोल कमी लेखणारा माणूस एप्रिल-मे महिन्यात टँकरमागे धावलेला नसावा.

बाबासाहेबांच्या कसोटीवर यातले काय उतरते? अज्ञानाचा आरोप या गावाने निश्चित खोडून काढला आहे. जेथे सामान्य शेतकरी भूजलाची पातळी मोजतो आणि त्या आकड्यावरून पीक ठरवतो, तेथे गुहेचा अंधार राहत नाही. स्थानिक अहंकाराचे काय, याचे उत्तर थोडे सावधपणे द्यावे लागेल. गावाची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, या नियमात संरक्षणही आहे आणि कुंपणही. धनदांडग्यांच्या खरेदीपासून तो नियम गाव वाचवतो. परंतु भूमिहीन माणूस उद्या कोठल्या गावात जमीन घेऊन नव्याने उभा राहणार, हा प्रश्न प्रत्येक गावाने असा नियम केला तर उरतोच.

तिसरा मुद्दा जमिनीचाच, आणि तो एकट्या हिवरे बाजारचा नाही, पाणलोटाच्या प्रत्येक कामाचा आहे. डोंगरावर अडवलेले पाणी खाली कोणाच्या तरी विहिरीत उतरते. ज्याला विहीर आहे त्याचे उत्पन्न वाढते. ज्याला जमीनच नाही त्याला मजुरी वाढल्याचा लाभ होतो, पाण्याचा नाही. चराईबंदीचा पहिला ताण पदरी चार शेळ्या आणि शून्य एकर असलेल्या बाईवर पडतो. गवत कापून नेण्याची मुभा ठेवली तर तो हलका होतो. म्हणून गावाचे सरासरी उत्पन्न ऐकून विद्यार्थ्यांनी समाधान मानू नये. सरासरी हा गावाचा आकडा आहे. बाबासाहेबांचा घटक व्यक्ती आहे. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता जमीन कसायला द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असे सुचविले होते. तो मार्ग कोणी घेतला नाही. पण ज्या प्रश्नावर तो सुचविला होता, तो प्रश्न पाणी आल्यावर अधिकच उघडा पडतो.

जातीयतेच्या आरोपाबाबत तर आपल्या जिल्ह्याने आदर्श गावांच्या आड लपू नये. नेवासे तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या, शिकत असलेल्या दलित मुलाची हत्या झाली. सोनई प्रकरणात नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. खर्डा प्रकरणात साक्षीदार उलटले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार का उलटतात? त्यांना त्याच गावात राहावयाचे असते. १९३२ साली गावाच्या पंचांकडे न्याय सोपवू नका असे बाबासाहेब का म्हणाले, ते या एका प्रश्नातून समजते. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, सोनई आणि खर्डा ही चारही गावे एकाच जिल्ह्याच्या नकाशावर आहेत. पहिल्या दोहोंना सहली जातात. पुढच्या दोहोंची नावे वर्गात घेताना आवाज खाली येतो.

एक गोष्ट मला हिवरे बाजारच्या अलीकडच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पाण्याविषयी नाही. सुमारे तीस वर्षे येथील ग्रामपंचायत बिनविरोध निवडली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये प्रथमच मतदान झाले. पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. निवडणूक झाल्याबद्दल तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली, जणू गावाच्या एकीला तडा गेला. मला तसे वाटत नाही. बिनविरोध निवडीत सलोखा असतो हे मान्य. परंतु कुसाबाहेरच्या चार घरांनी भर बैठकीत मान हलवली की नाही, हे त्यात कळत नाही. मौनालाही संमती धरले जाते. मतपेटीपाशी मात्र माणूस एकटा असतो, आणि तेथे त्याची जात, जमीन, भावकी काहीच मोजले जात नाही. मतदान होऊन पोपटरावांना जो विश्वास मिळाला तो आधीच्या तीस वर्षांच्या बिनविरोध निवडींपेक्षा अधिक पक्का आहे, कारण तो मोजलेला आहे. हिवरे बाजारला मोजण्याचे महत्त्व कोणी वेगळे सांगावयास नको.

लोकशाहीची मुळे भारतात शोधावयाची तर ती बाबासाहेबांनीही शोधली होती, पण खेड्यात नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली की, संसदीय पद्धती भारताला अपरिचित नव्हती. बौद्ध भिक्खुसंघाचे कामकाज पाहिले तर त्यात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी हे सारे नियम होते. विनयपिटकात मतदानासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटण्याची रीत सांगितली आहे. शलाका देणारा भिक्खू कोण असावा, त्याच्या अंगी निःपक्षपातीपणा कसा असावा, याचेही नियम आहेत. आणि मत उघडपणे घ्यावे की गुप्तपणे, याचे प्रकार वेगळे सांगितलेले आहेत. संघात प्रवेश करणारा न्हावी उपाली असो वा शाक्य राजपुत्र, त्याच्या हाती शलाका एकच येई.